विषम नंबरची घरं

‘तुमच्या आवाजात काही नसतं,’ साहेब म्हणाला, ‘म्हणून तुमचे फॉर्म सगळ्यांत चांगले येतात.’ हे त्याने कौतुकाने म्हटलं. स्वतःसाठी मागवलेला चहाही माझ्याकडे सरकवला. साहेब वयाने माझ्या मुलीएवढा आहे. दीड, अडीच असं तो कधी म्हणत नाही, ‘एक पूर्णांक पाच दशांश’ म्हणतो, म्हणून आम्ही घरोघर फिरणाऱ्या बायका पाठीमागे त्याला दशांशच म्हणतो. पोरगा मनाने चांगला आहे. आमच्या चपला झिजतात म्हणून वरच्यांशी भांडून त्याने आमचं बसभाडं वाढवून घेतलं. तेव्हा टोचून बोलायचा त्याचा मुळीच हेतू नव्हता. मी ‘बरं’ म्हटलं, चहा प्यायले, दिवसाचे दहा फॉर्म मोजून पिशवीत घातले, वहीत सही केली. आणि ऑफिसचा जिना उतरताना मधेच मला कळेना, आता उजवा पाय टाकायचा की डावा. कठड्याला धरून उभी राहिले. वरून कुणीतरी उतरत आलं, ‘काय झालं हो बाई?’ म्हणालं. मी ‘काही नाही’ म्हटलं आणि ते ऐकलं. कितीतरी दिवसांनी मी माझा आवाज कान देऊन ऐकत होते. साहेब बोलला ते खरं होतं, त्यात काही नव्हतं. मग मी उरलेल्या पायऱ्या उतरले आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

काम तसं सोपं आहे. शहराच्या कडेला एक पाणथळ आहे. गुडघाभर पाणी, लव्हाळं, थंडीत कुठून कुठून येणारे पक्षी. ती राखायची तर खर्च येणार, आणि तो उचलायची लोकांची कितपत तयारी आहे हे संस्थेला हवं आहे. म्हणून दार वाजवायचं, बसायचं, घरात माणसं किती वगैरे विचारायचं आणि शेवटी म्हणायचं, ‘ही पाणथळ टिकावी यासाठी तुमचं कुटुंब दरमहा किती रक्कम द्यायला तयार होईल?’ घ्यायचं काही नसतं. आकडा ऐकायचा आणि लिहायचा. हे सगळ्यांच्या पचनी पडत नाही. एका आजीबाईंनी उशीखालून पाकीट काढून माझ्या हातात नोट कोंबली, मी ती परत केली तर उखडल्या. ‘मग विचारलंस कशाला गं मेले?’ म्हणाल्या. उलट, खिशात हात घालायचा नाही हे कळलं की काही जणांना दिलदारीचं भरतं येतं. पाचशे लिहा, हजार लिहा, अहो लिहा हो. शून्यही दोन प्रकारचं असतं. परवडत नाही किंवा गरज वाटत नाही, हे खरं शून्य. आणि ‘ज्यांनी तिथे भराव टाकले त्यांना विचारा, आमच्या दारात काय येता’ हे रागाचं शून्य. रागाचं शून्य गणतीत धरत नाहीत, तसे फॉर्म वेगळे काढतात. कोरी जागा मात्र मुळीच चालत नाही. शून्य तर शून्य, पण काहीतरी लिहा, हे दशांशाचं पालुपद.

आता यातली मेख अशी की घरांना आमचे नंबर आहेत. सम नंबरच्या घरी प्रश्नाआधी एक कार्ड वाचून दाखवायचं आणि विषम नंबरच्या घरी नाही. कार्डावर सहा वाक्यं आहेत. पाणथळ पुराचं पाणी कसं धरून ठेवते, आसपासच्या विहिरी तिच्यावर कशा जगतात, असं काय काय, आणि मग पाचवं वाक्य: ‘पाणी आटण्याचा आजचा वेग कायम राहिला तर आठ वर्षांत येथे कोरडी जमीन असेल.’ हे ऐकलेला माणूस आणि न ऐकलेला माणूस यांच्या आकड्यांत किती फरक पडतो, तेवढा फरकच संस्थेला मोजायचा आहे. त्यासाठी बाकी सगळं सारखं पाहिजे. ट्रेनिंगच्या वेळी एकीने पाचव्या वाक्यावर असा काही उसासा टाकला की आम्हालाच गलबलून आलं. ‘बाई, आकडा माहितीने हलला पाहिजे,’ दशांश म्हणाला, ‘तुमच्या उसाशाने नाही.’ मला त्याने पहिल्या वाचनातच पास केलं. विषम घरात कुणी विचारलंच, की बुवा त्या पाणथळीला झालंय काय, तर म्हणायचं, ‘मला तेवढी माहिती नाही.’ हे मी इतकं बेमालूम म्हणते की एका बाईला माझी कीव आली आणि तिने मला सरबत करून दिलं. ट्रेनिंगमध्ये याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. तिथे म्हणतात की आपण खोटं सांगत नाही, फक्त सांगत नाही.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि मी आठवत बसले की आवाजातलं गेलं कधी. फार शोधावं लागलं नाही. आमचे मिस्टर लिफ्टचे मेकॅनिक होते. मी त्यांना हे म्हणायची, अजून तेच तोंडात येतं. दवाखान्यात पडद्याआड हे शर्टाची बटणं लावत होते, तेवढ्या वेळात डॉक्टरांनी मला बाहेर नेलं आणि वजनकाट्यापाशी उभं राहून सांगितलं. चार महिने, फार तर पाच. काही करण्याच्या पलीकडे गेलं होतं. ‘त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा,’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. ठरवायला मला वेळ होता तो चार बटणांचा. हे बाहेर आले, ‘काय म्हणाले गं?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘आतड्याला सूज आहे. वेळ लागेल.’ शेवटच्या शब्दाला आवाज जरासा हलला आणि यांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस आयुष्यभर मोटारीचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाआड ‘सूज आहे, सूज आहे’ असं म्हणत राहिले, साखर संपली आहे म्हटल्यासारखं वाटेपर्यंत. मग रोजच सराव झाला. बहिणीला फोनवर, शेजारणीला जिन्यात, मुलीला रविवारी. मला वाटत होतं, मी यांना चार निर्धास्त महिने देते आहे. कळलं तर धसक्यानेच जातील अशी भीती होती. आणि त्यांच्या तोंडाकडे बघत ते एक वाक्य बोलायची माझी छाती नव्हती, हेही होतं. आज विचाराल तर हे दुसरं कारणच मोठं होतं.

ज्याला सांगितलं नाही त्या माणसाने त्या चार महिन्यांत काय केलं, तर रजा साठवली. बबडी, म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, नोकरीसाठी लांब, दीड दिवसाच्या प्रवासावर असते. तिने नवं घर घेतलं होतं आणि यांनी ते पाहिलं नव्हतं. पंचेचाळीस रजा साठल्या की महिना-दीड महिना तिच्याकडे जाऊन राहायचं, घरातल्या सगळ्या कड्या, बिजागऱ्या, नळ स्वतःच्या हाताने नीट करून द्यायचे, असा बेत होता. कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने आकडा लिहायचे, महिना झाला की खोडून नवा. त्या आकड्यापायी रोज कामावर जायचे. त्यांच्या जोडीच्या मेकॅनिकने मला नंतर सांगितलं, ‘वहिनी, दादा गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गोणपाट टाकून पडून असायचे. मी हाक मारली की उठायचे, पाना हातात घ्यायचे.’ एक सकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. हे दाराशी स्टुलावर बसले होते, एका पायात बूट, दुसरा पाय नुसता. दहा मिनिटं तसेच. मी म्हटलं, ‘आज राहू द्या. टाका रजा.’ तर म्हणाले, ‘पोट दुखतंय म्हणून कुणी रजा घालवतं का? बबडीकडचा एक दिवस कमी होतो.’ माझ्या जिभेवर होतं. मी दुसरा बूट आणला, खाली बसले आणि नाडी बांधून दिली. गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकेचाळीस रजा शिल्लक होत्या. कंपनीने त्यांचे पैसे दिले. चेक देताना तिथली कारकून बाई कागद बघून म्हणाली, ‘एवढ्या रजा! म्हणजे तब्येत ठणठणीत असणार त्यांची.’ मी हो म्हटलं आणि सही केली.

बबडीला मी अगदी शेवटच्या दोन दिवसांत बोलावलं. ती पोचली तेव्हा हे कुणालाच ओळखत नव्हते. तिने तासभर त्यांचा हात धरून ‘बाबा, मी आलेय’ म्हणून पाहिलं. आठवड्याने ड्रॉवर आवरताना तिच्या हाताला पहिला रिपोर्ट लागला. तारीख वाचून ती बोटांवर मोजत बसली. ‘आई, चार महिने?’ मग, ‘बाबांना माहीत होतं?’ मी उशांचे अभ्रे बदलत होते. ‘आता कळून काय करायचंय ते?’ म्हटलं, त्याच कमावलेल्या आवाजात. त्याला आता दोन वर्षं झाली. तिने पुन्हा विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नव्हतं म्हणावं, तर सगळी चोरी माझ्या एकटीच्या पदरात. होतं म्हणावं, तर तिचा बाप असा ठरतो की जो सगळं माहीत असून लेकीला ये म्हणाला नाही. असं करत मी ती जागा कोरी ठेवली. दर रविवारी तिचा फोन येतो. ‘बरी आहेस?’ ‘बरी आहे.’ ‘गोळ्या?’ ‘घेते.’ ‘ठेवू मग?’ ती इकडे यायचं नाव काढत नाही आणि मला तिकडे ये म्हणत नाही. मागे मी तापाने फणफणले होते आणि सवयीने बरी आहे म्हटलं, तर म्हणाली, ‘तुझ्याकडून कळणार थोडंच आहे, आई.’ यात राग असता तर मी समजू शकले असते. तिने ते हवापाण्याविषयी बोलावं तसं म्हटलं. मी चोपन्न वर्षांची आहे, मला दुसरं कुणी नाही, आणि मला माझी मुलगी परत हवी आहे. त्यासाठी किती द्याल, असं दशांशाने पुढ्यात बसून विचारलं असतं तर मी आकडा सांगू शकले नसते.

त्या दिवशीचं सातवं घर एकशे सदतीस नंबरचं होतं. विषम. तिसरा मजला, दाराबाहेर कुंड्या आणि एक मोडकी छत्री. घरात म्हातारा चष्मेवाला आणि त्याची बायको. दुकान त्याने विकलं होतं, पण सवय गेली नव्हती. मी टेकते न टेकते तोच माझा चष्मा मागून घेतला, पुसला, त्याची दांडी वाकवून परत दिला. ‘एका कानावर चढत होता,’ म्हणाला. बायको मटार सोलत होती. मी पाणथळीचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा खुलला.

‘लग्नाआधी जायचो की आम्ही तिथे. चोरून.’

‘तुम्ही जायचात,’ बायको म्हणाली. ‘मी चिखलात चपला घालवून घरी बोलणी खायला यायची.’

‘एकदा नेतो म्हटलं हिला परत. जमतच नाही.’

‘गेली नऊ वर्षं नेताय.’

‘जाऊ गं. थंडी सरली की जाऊ. कुठे पळून जातेय ती?’ मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘दहा लिहा. दर महिन्याला दहा. पेन्शनीत तेवढेच बसतात.’

मी दहा लिहिलं, सही घेतली, पेनचं टोपण लावलं. माझं काम संपलं होतं. बायकोने ओंजळभर मटार माझ्या हातावर ठेवले, खात जा म्हणाली. मी चपला घातल्या, उंबऱ्याबाहेर आले आणि तिथे थांबले. तो दार लावायला आला होता. ‘आठ वर्षांत आटणार आहे ती,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘पाणथळ. असंच चाललं तर आठ वर्षांनी पाणी नसेल तिथे.’

‘कोण म्हणतं?’

‘कार्डावर आहे. काही घरांमध्ये वाचून दाखवतो आम्ही.’

‘मग आम्हाला का नाही वाचलंत?’

‘तुमचा नंबर विषम आहे.’

तो माझ्याकडे बघत राहिला. हसेल असं मला वाटलं, कारण ऐकताना ते मलाच हसण्यासारखं वाटलं. तो हसला नाही. ‘म्हणजे मी आत्ता बोललो ते न कळताच बोललो,’ म्हणाला. ‘आणि तुम्हाला ठाऊक होतं. मटार घेताना ठाऊक होतं.’

‘हो.’

‘शाबास.’

मी म्हटलं, ‘आकडा बदलायचा असेल तर...’

‘आकड्याचं काय घेऊन बसलात? आकडा तोच. पेन्शन काय वाढलीय का मधल्या मधे?’ तो आत वळला. ‘अगं, ठेव ते. चपला घाल.’

‘आत्ता? आठ वर्षं आहेत म्हणाल्या ना त्या.’

‘पाणथळीला आहेत. तुझ्या गुडघ्याला आहेत का?’

‘आणि मटार?’

‘मटार कुठे जातात? घाल चपला.’

आणि ती दोघं खरोखर निघाली. तिने साडीवरून स्वेटर चढवला, गॅस बंद आहे ना ते दोनदा बघितलं, कुलूप त्याने लावलं. माझ्या पुढून जिना उतरू लागली, ती एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर आणून मग खालची, आणि तो प्रत्येक वळणावर थांबून वर बघायचा. ‘घाई करू नका हो,’ ती म्हणायची. ‘कोण करतंय?’ तो म्हणायचा. खालच्या दाराचा आवाज आला तोवर मी तिसऱ्या मजल्यावरच होते.

मी त्यांच्या दारासमोरच्या पायरीवर बसले आणि फॉर्म मांडीवर घेतला. रक्कम, दहा. माहितीआधी दहा आणि माहितीनंतरही दहा. दशांशाच्या तक्त्यात इथे फरक शून्य आला असता, या घरावर माहितीचा काही परिणाम झाला नाही असं छापून आलं असतं. आणि एक माणूस चालू कामावरून बायकोला उठवून घेऊन गेला, हे लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती. दोन वर्षं मी स्वतःला एकच समजूत घालत आले होते, की सांगून काय झालं असतं? औषध नव्हतं, पैसा ओतून उपयोग नव्हता, निकाल तोच लागला असता. ते सगळं खरंच होतं. निकाल तोच लागला असता. फक्त यांनी त्या दिवशी दवाखान्यातूनच तिकीट काढलं असतं. बूट घालून कामावर गेले नसते. एकेचाळीस दिवस बबडीच्या घरी, तिच्या बिजागऱ्यांना तेल घालत, तिच्याशी वाद घालत, दुखलं तर तिच्यापुढे कण्हत काढले असते. ते दिवस यांचे होते, आणि तिचेही होते, आणि ते मी माझ्या भीतीपायी खर्च करून टाकले. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘उत्तरानंतर माहिती दिली.’ असा फॉर्म बाद होतो, त्याचे पैसेही मिळत नाहीत. मग फोन काढला. दुपारचे तीन वाजत होते. बबडी ऑफिसात असणार होती. तिने पहिल्या रिंगलाच उचलला.

‘काय झालं? आज बुधवार आहे.’

‘काही झालं नाही. बबडी, बाबांना माहीत नव्हतं.’

‘काय?’

‘तू विचारलं होतंस. बाबांना माहीत नव्हतं. डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं. मी त्यांना सूज आहे म्हटलं, शेवटपर्यंत तेच सांगितलं. ते तुझ्याकडे यायला रजा साठवत होते. दुखत असताना कामावर जात होते, आणि मी त्यांना डबा भरून देत होते. मी सांगितलं असतं तर ते त्याच दिवशी तुझ्याकडे यायला निघाले असते. मी सांगितलं नाही. मला भीती वाटली.’

पलीकडे मागे कुणीतरी टाइप करत होतं, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग एक दार लागलं आणि टाइप करणं ऐकू येईनासं झालं. मला वाटलं, ती फोन ठेवेल. ठेवला असता तरी मी तिला काही म्हणू शकले नसते. मी वाट बघत राहिले. समोरच्या भिंतीला कुणीतरी अर्ध्यापर्यंतच रंग दिला होता.

‘मला दहा दिवसांची रजा होती तेव्हा,’ बबडी म्हणाली. ‘येऊ का म्हणून मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, कशाला दगदग, त्यांचं पोट जरा बिघडलंय, एरवी छान आहेत.’

‘हो. म्हणाले होते.’

‘मग मी नाहीच आले. घरीच बसले. पडदे शिवले मी, आई. दहा दिवस. बाबा येणार म्हणून, त्यांच्या खोलीसाठी.’

‘कुठल्या रंगाचे?’ मी विचारलं.

‘निळे,’ ती म्हणाली. ‘अजून घडीसुद्धा मोडली नाही त्यांची.’